एका उसात वीस हजार कोटी

पंचगंगेकाठच्या फडातला किलोभर वजनाचा एक ऊस घ्या आणि ढोबळ हिशेब मांडा. पेशीची प्रत्येक बाजू मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर त्या एका उसात 100 कोटी पेशी बसतात. प्रत्येक पेशीत तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, असतात. साखरेतली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशी करून देणं हे त्यांचं काम. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपाच्या पानात एका पेशीत दोनशे-तीनशे तंतुकणिका आढळतात. उसाला दोनशेच धरू. तरी एका उसात झाल्या 20 हजार कोटी!

एक तंतुकणिका साधारण एक मायक्रोमीटरची. त्या सगळ्या एका ओळीत मांडल्या तर रांग 200 किलोमीटरची होईल. कोल्हापुरातून निघून पुण्याच्या जवळ पोचेल. एकरी 40 टन उतारा धरला तर एकरभर उसाची रांग 80 लाख किलोमीटर भरते. तेवढ्यात चंद्रावर दहा वेळा जाऊन येता येईल.

आणि यातली एकही तंतुकणिका पेशी कोऱ्या मालातून घडवत नाही. तिचे पूर्वज दीडशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी स्वतंत्र जिवाणू होते. आजही जुनी दुभंगते तेव्हाच नवी मिळते. लावणीच्या कांडीवरच्या डोळ्यात ज्या होत्या, त्यांचीच ही सारी संतती. एकीपासून सुरुवात केली, तरी 38 वेळा दुप्पट होताच आकडा 27 हजार कोटींच्या पुढे जातो.

हे दुभंगणं मोजक्या प्रथिनांच्या हाती आहे, आणि मला आकड्यांपेक्षाही हेच जास्त थक्क करतं. डीआरपी3ए आणि डीआरपी3बी ही त्यातली मुख्य. त्यांना पेशीद्रवातून तंतुकणिकेच्या पृष्ठभागावर आणतं ईएलएम1. जपानी संशोधकांनी त्याची माहिती 2008 मध्ये प्रसिद्ध केली. मग डीआरपी3चे रेणू एकमेकांना धरून तंतुकणिकेभोवती वेढा घालतात आणि जीटीपी या रेणूतली ऊर्जा खर्चून तो आवळत नेतात. ईएलएम1 बिघडलं की तंतुकणिका लांबच लांब होतात. डीआरपी3ची दोन्ही प्रथिनं बिघडली, तर तंतुकणिकांचं एकमेकांत गुंतलेलं जाळं होतं आणि रोपाची वाढ खुंटते.

हे सगळं उलगडलं ते प्रामुख्याने अ‍ॅराबिडॉप्सिसवर. वरच्या हिशेबातले दोनशेही त्याच रोपाकडून उसने घेतलेले. शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, सूक्ष्मदर्शकाखाली आपल्या उसाचा डोळा ठेवा आणि खरा आकडा मोजा.