सोंगाड्याचे गाणे

ख्यालाची, नाट्यपदांची, भावगीतांची चर्चा सुशिक्षित घरांतून हौसेने होत असते. परंतु तमाशाच्या फडातील सोंगाड्या जे गातो त्याला गाणे म्हणावयास आपले मन सहसा धजत नाही. तो हसवतो, एवढे म्हणून आपण त्याची बोळवण करतो. आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे ते इतकेच की, जी गोष्ट साध्या बोलण्यात सांगणाऱ्याच्या अंगाशी आली असती, ती या हसऱ्या गाण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांगितली आहे.

हे कसे साधते ते कळण्यासाठी प्रथम या गाण्याची घडण पाहू. तमाशाचा क्रम ठरलेला असतो: आरंभी गण, मग गौळण, पुढे बतावणी आणि शेवटी वग. गणात देवाचे स्तवन असते. गौळणीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गवळणींची वाट श्रीकृष्ण अडवतो, आणि पेंद्या व मावशी यांच्या रूपाने विनोद रंगणात पाऊल टाकतो. वगात राजा, प्रधान, सावकार अशी मातबर पात्रे असतात. त्यांच्या मागेपुढे सोंगाड्या शिपाई, हवालदार किंवा घरगडी होऊन वावरतो. साथीस ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि ध्रुपद उचलून धरणारे झीलकरी.

सोंगाड्याचा गळा गोड असलाच पाहिजे असे नाही. ताल मात्र पक्का हवा. बेताल होण्याचे सोंग आणावयाचे तर ताल हाडीमासी भिनलेला असावा लागतो. त्याच्या युक्त्या मुख्यतः तीन. पहिली, थोर चालीवर क्षुद्र विषय बसवणे. देवाच्या स्तवनाची चाल धरून तो भाकरीचे नि कांद्याचे गुणगान करतो. दुसरी, यमकाचा शब्द ओठांवर आणून नेमका गिळणे. तो शब्द मग श्रोत्यांच्या मनात आपोआप उमटतो, आणि न उच्चारलेल्या शब्दाचा ठपका कोणावर ठेवणार? तिसरी सर्वांत धारदार. राजाची आज्ञा तो गाण्यात पुन्हा म्हणतो, पण एक अक्षर बदलून. झीलकरी तीच चुकीची ओळ उचलतात, आणि राजाचा हुकूम साऱ्या फडाच्या मुखाने थट्टा होऊन त्याच्याकडे परत येतो.

आमच्या सातारा-सांगलीकडील मुलुखात या गाण्याला मोठी परंपरा आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्यांच्या खेळांत सूत्रधारापाठोपाठ विदूषक उड्या मारीत येई आणि मगच गजाननाचे आगमन होई. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ लिहिले. त्यात पाऊणशे वर्षांच्या नवरदेवाच्या ‘तारुण्याची’ वाखाणणी करणारे जे पद आहे, ते ऐकून प्रेक्षागृह हसे. परंतु लहान मुली म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधण्याच्या दुष्ट चालीवर त्या एका पदाने जो घाव घातला, तो कित्येक व्याख्यानांना घालता आला नसता.

मी वडूजचा राहणारा. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण आमच्याच खटाव तालुक्यात आहे. त्यांनी १८७३ साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, आणि पुढे या समाजाचे जलसे सातारा जिल्ह्यातील गावोगाव हिंडले. जलसेकारांनी तमाशाचा साचा घेतला, शृंगार बाजूस सारला, सोंगाड्यास मात्र जवळ ठेवले. कर्ज काढून केलेले लग्न, अंगठ्याखाली दडलेले व्याज, अंगारे-धुपारे, शाळेत न जाणारे पोर हे विषय त्याने गाऊन मांडले. अक्षरशत्रू असलेल्या श्रोत्याला व्याजाचा हिशेब वहीतून कळत नव्हता. तो त्याला ढोलकीच्या ठेक्यावर कळला.

सांगलीजवळच्या कवलापुरास शिवा-संभा यांच्या फडात वाढलेली जुळी भावंडे पुढे काळू-बाळू या नावाने अवघ्या महाराष्ट्रास ठाऊक झाली. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी हवालदारांची सोंगे केली. दोघांचे रूप एक. त्यामुळे कोण कोणता हा घोटाळा वगाचाच एक भाग बनला. वाई तालुक्यातील पसरणीचे शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांनी तर एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड गाऊन ते शहरी घरांपर्यंत पोहोचवले. वेदनेने तडफडणाऱ्या माणसाचे सोंग पाहून आपण हसतो, आणि हसता हसता ध्यानी येते की हा विंचू कामक्रोधाचा आहे, तो आपणांसही डसलेला आहे.

या ठिकाणी दूरच्या जपान देशातील एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. विनोदी नटांनी गावे ही चाल तेथेही जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कावाकामी ओतोजिरो हा नट ‘ओप्पेकेपे’ नावाच्या गाण्यातून नव्या पाश्चात्त्य थाटाची खिल्ली उडवीत असे. पुढे १९६१ साली ‘क्रेझी कॅट्स’ या विनोदी वाद्यवृंदातील उएकी हितोशी या नटापुढे ‘सूदारा-बुशी’ नावाचे गाणे आले. दारू, शर्यती यांच्या नादी लागलेला एक नोकरदार त्यात म्हणतो की, हे वाईट हे मला उमजते, पण सुटत मात्र नाही. उएकी स्वभावाने गंभीर. असले गाणे गावे की नाही या चिंतेत तो पडला. त्याचे वडील बौद्ध धर्मोपदेशक होते. ते म्हणाले, हे गाणे खचित गाजेल. कळूनही न वळणे हेच मनुष्याचे खरे रूप, आणि आमच्या शिनरान आचार्यांची शिकवण तीच आहे. गाणे देशभर गाजले. नाथांच्या विंचवाचे आणि या गाण्याचे गोत्र एकच नव्हे काय?

आता आक्षेपाचा विचार करू. ही गाणी अश्लील असतात, असे म्हणतात. काही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे मजकूर तपासून परवानगी देण्याची रीत आली. परंतु सोंगाड्याचा मजकूर कागदावर नसतोच. तो गावागणिक, रात्रीगणिक बदलतो. म्हणून कागद तपासण्याने अश्लीलता हटली असे म्हणवत नाही; सोंगाड्याची समयस्फूर्ती मात्र आखडली. माझ्या मते कसोटी निराळी आहे. हे हसू कोणाच्या अंगावर जाते ते पाहावे. ते सावकारावर, अधिकाऱ्यावर, स्वतःच्या मूर्खपणावर जात असेल, तर ते औषध होय. ते परक्याच्या लेकीबाळींवर, दुबळ्यावर, व्यंगावर जात असेल, तर ते गाणे कितीही तालात असो, हीनच होय.

दादा कोंडके (१९३२–१९९८) यांची गोष्ट या दृष्टीने उद्बोधक आहे. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात त्यांचा हवालदार त्या त्या दिवसाच्या बातमीवर नवी कोटी करी. १९७१ साली ‘सोंगाड्या’ हा चित्रपट आला; त्याचे संगीत मिरजेच्या राम कदमांचे. चित्रपटांनी ही गाणी घरोघर नेली, परंतु पडद्यावर आवाज जयवंत कुळकर्णी, महेंद्र कपूर अशा गायकांचा, आणि शब्द कायमचे ठरलेले. गाव पाहून अक्षर बदलण्याची सोय तेथे उरली नाही.

लावणीच्या वह्या निघाल्या, वगांची पुस्तके छापली गेली. सोंगाड्याच्या गाण्याचा बराच भाग मात्र त्याच्याबरोबरच जातो. आज ध्वनिमुद्रणाचे साधन घरोघर आहे. गावच्या जत्रेत फड उतरला, तर आपल्या मुलांना घेऊन जावे, वृद्ध सोंगाड्यास मानाने घरी बोलवावे, आणि त्याचे गाणे, त्यातील गिळलेल्या शब्दांसकट, टिपून ठेवावे. तो गिळलेला शब्द कोणता, हे नातवंडांनी विचारले म्हणजे त्यांना आपल्या गावाचा इतिहास सांगण्यास तेवढे निमित्त पुरे होईल.