नळीवरच्या दुकानाचा माग

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शस्त्रांचा विषय निघाला की आपले बोट १ जानेवारी १८१८ या तारखेवर जाते. शिरूरच्या छावणीतून कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली, कोरेगाव भीमाला लढाई झाली आणि बहुतेकांच्या लेखी शस्त्रांचा इतिहास तिथे संपला. तलवार, भाला, तोड्याची बंदूक यांना संग्रहालयात मानाची जागा मिळते. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत परवाना काढून विकत घेतलेल्या बारा बोअरच्या बंदुकांना मात्र इतिहासाचे साधन मानायला कोणी तयार नसते. त्यातही ज्यांच्या नळीवर कारखान्याचे नाव नसून एखाद्या बड्या दुकानाचे नाव कोरलेले आहे, त्या तर संग्राहकांच्याही लेखी दुय्यम. मला हे पटत नाही. माग काढायला सर्वांत सोयीची बंदूक हीच, कारण दुकान हिशेब ठेवते. आणि आपल्या भागात गोळा करायचे ते या बंदुकांच्या नोंदी, प्रत्यक्ष बंदुका नव्हेत.

आधी काळ पाहू. मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. त्याच साली शस्त्र कायदा आला. पुढच्याच फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडके यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर छापा घातला. चार वर्षांत एवढ्या घडामोडी एकाच टापूभोवती झाल्या, म्हणून बंदूक कोणाच्या हाती असावी हा प्रश्न इथे पुस्तकी कधीच नव्हता. कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना नियमांतून मोकळीक दिली. त्यामुळे त्या काळची विलायती दुनळी कोणाच्या नावावर नोंदली गेली, यावरून सरकारचा विश्वास कोणावर होता ते कळते. लष्करी अधिकारी, रेल्वेचे साहेब, इनामदार, सरकारदरबारी वजन असलेले पाटील ही त्या विश्वासाची उतरंड होती.

हे गिऱ्हाईक ज्या दुकानांकडे वळे, त्यांतले सर्वांत नावाजलेले म्हणजे आर्मी अँड नेव्ही. १८७१ साली लंडनमध्ये लष्करी आणि आरमारी अधिकाऱ्यांनी स्वस्तात माल मिळावा म्हणून ही सहकारी संस्था काढली. सुरुवातीला सभासदांनाच खरेदी करता येई. सर्वसामान्यांना दार उघडले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. मुंबईची शाखा १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. काळ्या घोड्याजवळची तिची इमारत आजही आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग म्हणूनच ओळखली जाते. साबणापासून तंबूपर्यंत सारे काही त्या दुकानात मिळे, आणि बंदुकाही. या बंदुका दुकान स्वतः बनवीत नसे. वेब्लीसारखे बर्मिंगहॅमचे कारखाने त्या बनवत आणि नळीवर ‘आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.’ अशी अक्षरे कोरली जात. अमेरिकेत सिअर्स-रोबक आणि माँटगोमेरी वॉर्ड यांनी हाच धंदा कितीतरी मोठा केला. सिअर्सच्या ‘जे. सी. हिगिन्स’ बंदुकीवर मॉडेलच्या आकड्याआधी ५८३ असेल, तर ती हाय स्टँडर्ड कारखान्याची. असे संकेत जुळवत तिथल्या हौशी लोकांनी कोष्टकेच्या कोष्टके तयार केली. पण तिथे १९६८ च्या कायद्याआधी स्वस्त बंदुकांवर क्रमांक घालण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे मॉडेल कळते, पण ती विशिष्ट बंदूक कोणी घेतली ते कळत नाही. आपल्याकडे आलेल्या विलायती दुकानी बंदुकीचे तसे नाही. तिच्यावर क्रमांक असतो, आणि आर्मी अँड नेव्हीचे जुने दप्तर ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपलेले आहे.

क्रमांक आणि दुकानाचे दप्तर यांची ताकद काय असते, हे कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या प्रकरणात दिसते. २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी त्या दुकानाच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक दुकानाकडे लिहिलेला होता. म्हणूनच पुढे ठिकठिकाणी पिस्तुले सापडत गेली तेव्हा ती याच चोरीतली हे सरकारला ओळखता आले आणि १९१८ च्या रौलट अहवालात तो सारा प्रवास मांडता आला. सरकारने ज्या पुराव्यावर क्रांतिकारकांचा माग काढला, त्याच जातीचा पुरावा आज इतिहासाच्या अभ्यासकाला का नको?

दप्तर हाती नसले तरी लोखंड बोलते. दुनळीचा नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढून नळ्या उतरवल्या की मागच्या टोकाला, खालच्या सपाट बाजूवर, बारीक ठसे दिसतात. हे परीक्षागृहाचे शिक्के. ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द असतील तर नळीची परीक्षा १८७५ ते १८८७ या काळातली. ‘नायट्रो प्रूफ’ असेल तर बिनधुराच्या दारूचा जमाना आला होता. वरच्या बाजूला दुकानाची दिमाखदार अक्षरे आणि खाली हे मुके ठसे. त्यांत परवान्याच्या पुस्तिकेतील नोंदीची भर पडली की त्या बंदुकीची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट उलगडू लागते.

यावर पहिला आक्षेप येईल की हा माल साधा आहे, त्यात कलाकुसर ती काय? कलाकुसर नसेलही. पण वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले ते केवळ सुंदर अक्षरांच्या कागदांसाठी नव्हे; महजर, हिशेब, यादी हे सारे त्यांनी साधन मानले. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बंदुकांचे कौतुक वाढवणे समाजाला परवडणारे नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हौसेची शिकारही संपवली. जी दुरुस्त करूनही चालू शकत नाही अशीच कालबाह्य बंदूक १९५९ च्या कायद्यातून सुटते; बाकीच्यांना, त्या कितीही जुन्या असोत, परवाना लागतोच. म्हणूनच संग्रह नोंदींचा असावा. छायाचित्र, क्रमांक, ठसे आणि परवान्याची नक्कल यांनी कोणालाही इजा होत नाही.

घाई मात्र आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळपास बंद झाल्याने जुन्या विलायती बंदुका घराण्यांत टिकून राहिल्या. आता वारसांना परवान्याची यातायात नको असते. बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते, मुदतीत कोणी दावा केला नाही तर सरकारजमा होते आणि तिचा कागद तिच्यापासून तुटतो. परवान्यांची राष्ट्रीय संगणकीय नोंद झाली आहे, पण ती बंदोबस्तासाठी. नळीखालचे ठसे टिपून ठेवण्याचे तिला कारणच नाही.

तेव्हा शिरूर-दौंडच्या ज्या घरांत आजोबा-पणजोबांची परवान्याची बंदूक आहे, त्यांनी ती जमा करण्याआधी परवानाधारक बंदूकदुरुस्ती करणाऱ्याकडून नळ्या उतरवून घ्याव्यात, वरची अक्षरे, खालचे ठसे, क्रमांक आणि परवान्याचे प्रत्येक पान यांची छायाचित्रे काढावीत आणि एक प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला देऊ करावी. पीळदार पोलादाच्या जुन्या नळीत आजचे काडतूस घालून बार काढून पाहू नये. ती फुटू शकते.