अग्नी दिलेल्यांची नावं

फोर्ली (इटली) : इथं २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, घरोघरची माणसं शेवंतीची फुलं घेऊन कब्रस्तानात जातात. आपल्याकडे दसऱ्याच्या हारात लागणारं हे फूल इथं कुणाच्या घरी भेट म्हणून न्यायचं नसतं. कबरीवर मृताचा फोटो आणि पुढ्यात दिवा, ही इटलीची रीत.

फोर्ली शहराच्या कडेला भारतीय सेनेची लहानशी युद्धस्मशानभूमी आहे. तिथल्या दगडांवर फोटो नाहीत. नाव, पलटण, तारीख अशा नोंदी आहेत. सुभेदार असो की शिपाई, दगड सारखाच. कबरी ४९६, आणि दहन-स्मारकावर ७६८ नावं. मुसलमान जवानांना दफन केलं, हिंदू आणि शीख जवानांना अग्नी दिला. म्हणून मराठा पलटणीतला माणूस शोधायचा तर आधी त्या स्मारकापाशी जावं.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शस्त्रं खाली ठेवली, पण जर्मन फौजा हटल्या नाहीत. त्यांना उत्तरेकडे रेटणाऱ्या सैन्यात तीन भारतीय डिव्हिजन होत्या. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात मशीनगनचा मोर्चा एकट्यानं मोडून मराठा पलटणीतले यशवंत घाडगे पडले. वय अवघं बावीस, गाव रायगडातलं पळसगाव. त्यांचं नाव मात्र इथं नाही, कासिनोच्या स्मारकावर आहे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर मराठा पलटणीतल्याच नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारात, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं, मग शत्रूचे तीन मोर्चे गप्प केले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव घरी परतले.

२५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन. इटली मुक्त झाली त्या वेळी आपण स्वतः पारतंत्र्यात होतो. म्हणून या माणसांना ‘इंग्रजांचे शिपाई’ ठरवून आपण बाजूला सारलं, आणि ते मला अजिबात पटत नाही. कोरडवाहू शेतीत भागेना म्हणून भरती झालेली आपलीच पोरं होती ती.

अशा स्मशानभूमी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत नावाबरोबर पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. हे सगळं आता मोबाईलवर पाहता येतं. डोणगाव, मेहकर, लोणारकडे कुणाचे पणजोबा पलटणीतून परतले नसतील, तर त्यांनी जरूर शोधावं. आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहा. तरीही नाही मिळालं, तर गावाच्या नावानं शोधा.