वय, तोल आणि डोळ्यांची साक्ष

पहाटे अंथरुणावर कूस बदलताच घर गरगर फिरल्यासारखे वाटते. उठून उभे राहावे तर भिंतीचा आधार शोधावा लागतो. घरातील वडीलधाऱ्यांची ही तक्रार पुष्कळदा एकाच वाक्यात निकालात निघते : ‘आता वय झाले, असे व्हायचेच.’ या वाक्यात तथ्य आहे. परंतु ते संपूर्ण सत्य नव्हे. वयाचा परिणाम कोणता आणि आजाराचा कोणता, याची साक्ष बऱ्याच अंशी डोळे देतात.

प्रत्येक अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मान वळताच त्यांतील द्रवाची हालचाल सूक्ष्म केसपेशी टिपतात, मेंदूस वर्दी जाते आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळे विरुद्ध दिशेस तितकेच वळतात. म्हणूनच चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते. ही प्रतिक्षिप्त क्रिया दुबळी झाली की पाटी थरथरते आणि पाऊल अडखळते.

या क्रियेच्या परीक्षेचा पाया व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी यांनी घातला. कान धुण्याचे पाणी थंड असले तर रुग्णाचे डोळे एका दिशेस झटके देतात आणि ते फार गरम असले तर उलट दिशेस, हे त्यांनी हेरले. या संशोधनास १९१४ चे नोबेल पारितोषिक लाभले; त्या वेळी ते रशियात युद्धकैदी होते. आजही कानात ३० व ४४ अंश सेल्सियसचे पाणी सोडून दोन्ही कानांची तुलना केली जाते. दुसऱ्या परीक्षेत रुग्ण समोरच्या एका बिंदूवर नजर खिळवतो आणि डॉक्टर त्याची मान झटकन किंचित वळवतात. नजर ढळून पुन्हा उडी मारून परतली, तर त्या बाजूचा कान दुबळा समजावा.

वयानुसार केसपेशी व मज्जातंतू घटतात. तरीही मेंदू ही उणीव भरून काढत असल्याने मान वळवण्याच्या परीक्षेतील उत्तर सत्तरीपर्यंत बहुधा चांगले टिकते. त्यानंतर, विशेषतः वेगवान हालचालीत, ते उतरू लागते. हलत्या ठिपक्याचा संथपणे पाठलाग करण्याची शक्ती मात्र आधीच मंदावते. म्हणून वृद्धांचे निष्कर्ष तरुणांच्या मापाने मोजले, तर निरोगी माणूसही रुग्ण ठरेल.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. वय दोन्ही कानांस साधारण सारखेच झिजवते. एकच कान ठळकपणे दुबळा आढळला, तर त्याचा दोष वयावर ढकलता येत नाही. कारण शोधावेच लागते. कूस बदलताच काही सेकंद येणारी भोवळ तर अनेकदा कानातील सूक्ष्म स्फटिक जागा सोडून नलिकेत शिरल्याने येते. उतारवयात हे अधिक आढळते. पण तज्ज्ञ डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने फिरवून ते काही मिनिटांत पूर्ववत करू शकतात.

भोवळीच्या गोळ्या सल्ल्याविना महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांनी मेंदूची सावरण्याची क्रिया मंदावू शकते. भोवळीसोबत बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवीही आजी-आजोबांची तक्रार वयाच्या खाती टाकण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी. उतारवयातील एक पडणे माणसाचे चालते-फिरते आयुष्य हिरावून घेऊ शकते.