शंभर ग्रॅमचा हिशेब

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सीहाउसेस गावातून फार्न बेटांकडे होड्या सुटतात. बेटं नेमकी किती, हे समुद्र ठरवतो: ओहोटीला वीसेक, भरतीला पंधराच्या आसपास. १९२५ पासून नॅशनल ट्रस्ट या संवर्धन संस्थेकडे असलेल्या या खडकांवर उन्हाळ्यात पफिन या समुद्रपक्ष्याच्या चाळीस हजारांहून अधिक जोड्या विणीला येतात. पफिन बिळात राहतो, त्यामुळे वरून मोजणं अशक्य. रेंजर जमिनीवर पालथे पडतात आणि बिळात खांद्यापर्यंत हात घालतात. आतून चोच बसली की घर भरलेलं!

शरद ऋतूत पाळी ग्रे सीलची. २०१८ साली इथे २,७०० हून जास्त पिल्लं जन्मली. एकच पिल्लू दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून त्यांच्या अंगावर रंगाचा ठिपका मारत आणि दर काही दिवसांनी रंग बदलत. जन्मतः पिल्लाचं वजन साधारण १४ किलो असतं. मग ते रोज दोनेक किलोंनी वाढतं आणि तीन आठवड्यांत चाळिशी ओलांडतं. करामत दुधाची. सात टक्के फॅटवर म्हशीचं दूध आपल्याकडे भाव खातं. सीलच्या दुधात फॅट साठ टक्क्यांपर्यंत जातं. आई मात्र या काळात एक मासाही खात नाही. पिल्लाच्या अंगावर चढणारा प्रत्येक किलो तिच्याच अंगातून जातो.

आणि मग आर्क्टिक सुरय (टर्न) हा समुद्रपक्षी. वजन सुमारे शंभर ग्रॅम. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या काही सुरयांच्या पायांना प्रवासाचा मार्ग नोंदवणारी ०.७ ग्रॅमची यंत्रं बांधली. त्यातला एक जुलै २०१५ मध्ये निघाला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने तो खाली उतरला, केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदी महासागरात शिरला, नोव्हेंबरात अंटार्क्टिका गाठली आणि मे २०१६ मध्ये फार्नला परतला. एकूण ९६,००० किलोमीटर, म्हणजे रोजचे सरासरी ३४०.

हा पक्षी तीस वर्षांपर्यंत जगू शकतो. दरवर्षी एवढंच अंतर धरलं, तर आयुष्यभराचे जवळजवळ २९ लाख किलोमीटर होतात. तेवढ्यात चंद्रावर जाऊन परत यायच्या पावणेचार फेऱ्या बसतात.

एवढं उडून आल्यावरही त्याचा जोर ओसरत नाही. घरट्याजवळ कुणी आलं की तो थेट डोक्यावर चोच हाणतो. म्हणून विणीच्या हंगामात इथे येणाऱ्यांना पहिली सूचना दुर्बिणीची नसते, टोपीची असते.