जाळलं की संपलं?

“साठवून काय करायचं? काडी लावली की संपलं.” हिंगोली जिल्ह्यात प्लास्टिकचा विषय काढला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. वसमतकडे हळदीच्या शेतात, कळमनुरीत बाजार उठल्यावर, सेनगावात हॉटेलच्या मागे. बोलणारा माणूस बेफिकीर नसतो, याचाच जास्त त्रास होतो. जनावरानं पिशवी खाऊ नये, नाली तुंबू नये म्हणून तो पेटवतो. हेतू चांगला आहे, पण समज साफ चुकीचा आहे.

पॉलिथिन पूर्ण जळालं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, हे खरं. पण पूर्ण जळायला भट्टी लागते. युरोपात कचरा जाळणाऱ्या भट्टीतला वायू किमान 850 अंश सेल्सिअसला 2 सेकंद राहिलाच पाहिजे, असा नियम आहे. बांधावरच्या ढिगाला वरून जाळ दिसतो, आत मात्र हवा पोचत नाही आणि माल नुसता धुमसत राहतो. त्यातून काजळी, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन बाहेर पडतं. त्यात पीव्हीसी पाइपाचा तुकडा किंवा वायरीचं आवरण असलं, तर आणखी वाईट. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो आणि अशा अर्धवट जळण्यात त्यापासून डायऑक्सिन नावाची विषारी संयुगं तयार होतात.

“धुरापासून लांब उभं राहतो की!” हेही ऐकून झालंय. अहो, डायऑक्सिन धुराबरोबर निघून जात नाहीत. ते राखेत, मातीत, चाऱ्यावर बसतात आणि खाणाऱ्याच्या चरबीत साठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे माणसाच्या शरीरात जाणारे 90 टक्क्यांहून अधिक डायऑक्सिन अन्नातूनच येतात, आणि शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला 7 ते 11 वर्षं लागतात. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या त्रोपोडो गावात टोफूच्या कारखान्यांत सरपण म्हणून प्लास्टिक जाळत. 2019 मध्ये तिथल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली, तर डायऑक्सिनचं प्रमाण आशियात तोवर नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक निघालं. आपली गावरान कोंबडीही उकिरडाच उकरते.

बरं, राखेत तरी प्लास्टिक संपतं का? चीनमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये चक्क कचरा जाळायच्या कारखान्यांतली राख तपासली. एका किलोत 1.9 पासून 565 पर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण सापडले. कारखान्याची ही गत असेल, तर बांधावरच्या राखेबद्दल काय बोलायचं?

“एवढ्याशा जाळानं काय होतं” म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. लीड्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार भारतात वर्षाला सुमारे 93 लाख टन प्लास्टिक बेवारस वाटेला लागतं आणि त्यातलं 58 लाख टन उघड्यावर जळतं. हे असेच एवढेएवढेसे जाळ आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली, दंड 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास 25,000. सिमेंटच्या भट्टीत प्लास्टिक जाळतात ते वेगळं. तिथलं तापमान 1,400 अंशांच्या पुढे असतं.

हळद काढून झाली की ठिबकच्या जुन्या नळ्यांचा ढीग पडतो. काडी लावायची घाई तिथेच होते. खरं तर हा माल भंगारवाला पैसे देऊन नेतो. नळ्या माती झटकून, गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हानं कडक होऊन त्यांचे तुकडे झाले, की गोळा करणंच अवघड होतं. मल्चिंगचा कागद पीक निघाल्याबरोबर उचलावा. रोटाव्हेटर फिरवून तो मातीत “जिरत” नाही, बारीक होतो, आणि मग तो कुणालाच वेचता येत नाही.

जाड पिशवी चालते, हाही समज दुकानादुकानात आहे. महाराष्ट्रात मार्च 2018 च्या अधिसूचनेनं हातात धरायच्या प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आणली, त्यात जाडीची पळवाट नाही. कापडासारखी दिसणारी पिशवी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या 2020 च्या अभ्यासात अशा कपातल्या 100 मिलिलिटर गरम पाण्यात 15 मिनिटांत सुमारे 25,000 कण उतरले.

आणि समुद्र आपल्यापासून लांब आहे म्हणून निश्चिंत राहू नका. हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पुराच्या पाण्यावर पिशवीला एवढी वाट पुरेशी आहे.