साउथ मेलबर्नचे फादर बॉब

मेलबर्न शहराच्या मध्यभागातून यारा नदी ओलांडली, की दक्षिणेला साउथ मेलबर्न लागतं. १८५०च्या दशकात सोन्याच्या आशेनं आलेल्या हजारो लोकांनी इथल्या मोकळ्या जागेत तंबू ठोकले होते. त्या वस्तीला ‘कॅनव्हास टाउन’ म्हणत. पुढे बंदर वाढलं, कारखाने आणि गोदामं आली, आणि त्यांच्या आसऱ्यानं कष्टकऱ्यांची दाटीवाटीची घरं उभी राहिली. १९६९ साली सरकारनं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ‘पार्क टॉवर्स’ ही तीस मजली इमारत इथेच बांधली. या वस्तीत डॉर्कस स्ट्रीटवर ‘सेंट्स पीटर अँड पॉल’ हे जुनं दगडी चर्च आहे. १९७३ साली तिथे रॉबर्ट मॅग्वायर नावाचे प्रमुख धर्मगुरू रुजू झाले. पुढची जवळजवळ चार दशकं ते तिथून हलले नाहीत, आणि अख्खं ऑस्ट्रेलिया त्यांना फादर बॉब म्हणून ओळखू लागलं.

त्यांचा जन्म १९३४चा, मेलबर्नच्याच थॉर्नबरी भागातला. कुटुंब स्कॉटलंडहून आलेलं. घरात हलाखी आणि वडिलांचं दारूचं व्यसन. पंधरा वर्षांचे होईपर्यंत त्यांचे आई आणि वडील दोघंही गेले होते. या पोरकेपणाबद्दल ते पुढे जाहीरपणे बोलत. रस्त्यावरच्या मुलांकडे ते ज्या नजरेनं पाहत, तिचं मूळ इथे आहे असं मला वाटतं. ज्या पोराला विचारणारं कुणी नाही, त्याची अवस्था त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

१९६० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये होई आणि धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, भाविकांकडे पाठ करून उभा राही. पुढच्या पाच वर्षांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं खिडक्या उघडल्या. लोकांच्या भाषेत उपासना सुरू झाली आणि चर्चनं जगाशी बोलावं असा आग्रह वाढला. बऱ्याच जुन्या धर्मगुरूंना हा बदल जड गेला. फादर बॉबना मात्र हवं होतं तेच मिळालं. मधल्या काळात त्यांनी लष्कराच्या राखीव दलात धर्मगुरू म्हणूनही काम केलं. व्हिएतनाम युद्धाची ती वर्षं होती आणि तरुण सैनिकांशी बोलण्याचा सराव त्यांना तिथे झाला.

आपल्याकडे वसईत ज्याला धर्मग्राम म्हणतात, तो पॅरिश हा साधारणपणे नकाशावर आखलेला भाग असतो. चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत ५२९ क्रमांकाचं कलम आहे. धर्मग्रामाच्या प्रमुखानं गरीब, पीडित, एकाकी आणि देशोधडीला लागलेल्या माणसांना खास प्रयत्न करून शोधून काढावं, असं ते सांगतं. शोधून काढावं, म्हणजे ते दारात येण्याची वाट पाहू नये. फादर बॉब आयुष्यभर या कलमाला जागले. ज्यांच्यावर कुणी माया करत नाही आणि ज्यांच्यावर माया करणं सोपंही नसतं, अशी माणसं आपली, असं ते सांगत. हद्दीत राहणारा ख्रिस्ती आहे की नाही, रविवारी मिस्सेला येतो की नाही, हे ते विचारत नसत. मेलबर्नच्या गुन्हेगारी जगातल्या माणसांचे अंत्यविधीसुद्धा त्यांनी केले. मेलेल्या माणसाला आई असते, मुलं असतात. त्यांनी कुठे जायचं?

१९७८ साली त्यांनी ‘ओपन फॅमिली’ ही संस्था उभी केली. घर सोडलेल्या, घरातून हाकललेल्या मुलांसाठी तिचं काम होतं. या मुलांना कार्यालयात बोलावून फॉर्म भरायला लावलं तर ती येत नाहीत. मोठ्या माणसांवरचा त्यांचा विश्वास आधीच उडालेला असतो. म्हणून कार्यकर्ते रात्री रस्त्यावर उतरत. मूल जिथे असेल तिथे जायचं, काही खायला द्यायचं, गप्पा मारायच्या, आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी जायचं. ओळख पिकली की मग निवारा, डॉक्टर, कोर्टातली मदत. या कामात हेन्री निसन हा त्यांचा जुना साथीदार. ज्यू कुटुंबातला हा मुष्टियोद्धा १९७१ साली राष्ट्रकुलाचा फ्लायवेट विजेता झाला होता. एक कॅथलिक फादर आणि एक ज्यू बॉक्सर, दोघे मिळून टाकलेल्या पोरांसाठी धावताहेत, हे दृश्य त्या वस्तीनं वर्षानुवर्षं पाहिलं. पुढे १९९६ साली ‘एमराल्ड हिल मिशन’ सुरू झालं, त्यातही निसन होतेच. २००३ मध्ये फादर बॉबच्या नावानं प्रतिष्ठान उभं राहिलं, आणि गरजूंना शिधा व शिजवलेलं अन्न पुरवण्याचं काम त्यातून चालू राहिलं.

फादर बॉबची जीभ धारदार आणि विनोदबुद्धी तल्लख. प्रवचनात ते भाविकांशी ओट्यावर बसल्यासारखे बोलत, मध्येच बाजूला भरकटत आणि हसवता हसवता वर्मावर बोट ठेवत. २००५ साली, वयाच्या सत्तरीत, ते ‘ट्रिपल जे’ या तरुणांच्या रेडिओ केंद्रावर आले. दर रविवारी रात्री जॉन सॅफ्रन या तरुण ज्यू विनोदकाराबरोबर धर्म, वंश आणि राजकारण यांवर त्यांच्या गप्पा रंगत. चर्चची पायरी न चढणारी मुलं हा कार्यक्रम आवडीनं ऐकत. दहा वर्षं तो चालला. म्हातारा माणूस आपल्याला उपदेश करत नाही, आपलं ऐकतो, हे त्या पिढीला नवं होतं.

त्याच कायदेसंहितेत ५३८ क्रमांकाचंही कलम आहे: पंचाहत्तरी गाठलेल्या प्रमुख धर्मगुरूनं राजीनामा सादर करावा. २००९ साली आर्चबिशपांनी फादर बॉबना त्याची आठवण करून दिली. त्यांना जायचं नव्हतं आणि लोकांना त्यांना सोडायचं नव्हतं. वस्तीनं आवाज उठवला, वर्तमानपत्रांत बातम्या झाल्या आणि मुदत वाढली. अखेर २०१२च्या सुरुवातीला त्यांनी पॅरिश सोडला. निरोपाच्या मिस्सेला चर्च अपुरं पडलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, त्यांना ‘व्हिक्टोरियन ऑफ द इयर’ हा राज्याचा सन्मान मिळाला होता. या ताणातून चर्चचं एक जुनं कोडं समोर येतं. संस्थेला नियम लागतात, नव्या माणसांना जागा द्यावी लागते. पण ज्याच्याभोवती वस्ती जमलेली असते, त्याची जागा बदलीच्या आदेशानं भरत नाही. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं कळतं, तरी मन वस्तीच्या बाजूनं झुकतं.

पद गेलं, काम राहिलं. निवृत्तीनंतरही प्रतिष्ठानाच्या कामात ते अखेरपर्यंत होते. तोवर साउथ मेलबर्न पालटलं होतं. कामगारांची जुनी घरं आता श्रीमंतांनाच परवडतात. पण पार्क टॉवर्स उभा आहे, आणि भाडं न झेपणारी माणसंही आहेत. समृद्धीच्या शेजारी राहताना त्यांची गरिबी फक्त कमी दिसते. १९ एप्रिल २०२३ रोजी फादर बॉब ८८व्या वर्षी गेले. ५ मे रोजी सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये शासकीय इतमामात त्यांचा अंत्यविधी झाला.

धर्मस्थळं आपल्याकडेही उदंड आहेत आणि त्यांच्याभोवती वस्त्याही आहेत. एखाद्या धर्मस्थळाची थोरवी त्याच्या गाभाऱ्यातल्या गर्दीवरून मोजायची, की त्याच्या हद्दीत रात्री उपाशी झोपणाऱ्यांवरून? फादर बॉबनी दुसरं माप निवडलं आणि चाळीस वर्षं ते स्वतःला लावून पाहिलं. कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही गावच्या माणसानं उचलावं असं ते माप आहे.